ती शीट कुणाची, हे मी विचारलं नव्हतं

‘टोगॅफ करू का?’ हिंजवडीत बारा-पंधरा वर्षं नोकरी झालेली माणसं मला हा प्रश्न हमखास विचारतात. कोडिंगमधून वर सरकायचं असतं, मॅनेजर व्हायचं नसतं, आणि आर्किटेक्ट या पदाची वाट या सर्टिफिकेटवरून जाते असं सगळीकडे ऐकलेलं असतं. करा, असंच मी सांगते. पण कशानंतर करा, हे सांगायचं तर मला २०१९ सालची गोष्ट सांगावी लागते.

त्या वर्षी मी दोन्ही भागांची परीक्षा पास झाले. चार महिने कोथरूड ते हिंजवडी कंपनीच्या बसमध्ये अभ्यास केला. टोगॅफ म्हणजे कंपनीच्या सगळ्या संगणकीय व्यवस्थेचा आराखडा कसा करायचा याची पद्धत. ओपन ग्रुप या संस्थेने ती १९९५ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एका आराखड्यावरून उभी केली. तिच्या गाभ्याशी एक चक्र आहे : आधी नेमकं काय साधायचं ते ठरवा, मग व्यवसायाचं चित्र काढा, मग डेटा आणि अ‍ॅप्लिकेशन्स, मग तंत्रज्ञान, त्यानंतर स्थलांतराची योजना आणि अंमलबजावणीवर देखरेख. प्रत्येक टप्प्यात काय घ्यायचं आणि काय द्यायचं, हे मला तोंडपाठ होतं. पहिल्या भागात ६० मिनिटांत ४० प्रश्न असतात. ते मी वेळेच्या बरेच आधी सोडवून उठले.

लगेच काम मिळालं. वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी, चाकण परिसरात तीन कारखाने. त्यातला एक विकत घेतलेला, म्हणून ईआरपी (कंपनीचे सगळे व्यवहार चालवणारी सिस्टिम) दोन. दोन्हींचं एक करायचं होतं. मी पुस्तकाबरहुकूम निघाले. तत्त्वांची यादी केली, संबंधितांचा तक्ता केला, ६४ सिस्टिम्सची नोंद केली, कुठली सिस्टिम कुठला डेटा वापरते याचं कोष्टक भरलं. हे सगळं मुख्य कार्यालयाच्या मीटिंग रूममध्ये, आयटी विभागाच्या लोकांना समोर बसवून. कारखान्यात मी दोनदा गेले, दोन्ही वेळा प्लांट हेडच्या केबिनपर्यंत. १७० पानांचा दस्तऐवज तयार झाला, सगळ्यांनी सह्या केल्या.

नवी सिस्टिम सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन आला. सात ट्रक गिऱ्हाईक कंपनीच्या गेटवर अडकले होते. माल बरोबर होता, पेट्यांवरची लेबलं चुकली होती.

मी थेट डिस्पॅचला गेले. काचेच्या छोट्या केबिनमध्ये एक जुना कॉम्प्युटर, शेजारी चलानांचा गठ्ठा, आणि स्क्रीनवर एक एक्सेल शीट. एका रकान्यात कंपनीचा भागाचा नंबर, दुसऱ्यात गिऱ्हाइकाचा नंबर, तिसऱ्यात रिव्हिजनचं अक्षर. ज्या ओळी बदलल्या होत्या त्या पिवळ्या केलेल्या आणि बाजूला तारीख. गिऱ्हाईक ड्रॉइंग बदलतं तेव्हा हे अक्षर बदलतं. त्याची मेल डिस्पॅच सुपरवायझरना यायची, ते त्याच दिवशी शीटमध्ये बदल करायचे, आणि लेबलं या शीटवरून छापली जायची. ईआरपीतली रिव्हिजन काही महिने मागे असायची, कारण तिथे बदल करायला तीन जणांची मंजुरी लागायची. माझ्या कोष्टकात मात्र लिहिलं होतं : ‘लेबल छपाई – स्रोत ईआरपी’. त्याच भरवशावर आम्ही प्रिंटर सरळ नव्या ईआरपीला जोडले होते.

‘मॅडम, लेबल ईआरपीतून निघतं असं कुणी सांगितलं तुम्हाला?’ सुपरवायझरनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

‘आयटीने सांगितलं, काका.’

‘आयटीवाले इथे प्रिंटर बिघडला की येतात. शीटचं मला कुणी विचारलंच नाही.’

त्या दिवशी काका आणि त्यांची दोन मुलं गिऱ्हाइकाच्या गेटवर उन्हात उभी राहून संध्याकाळपर्यंत पेट्यांवर नवी लेबलं चिकटवत होती. पुढच्या महिन्यात गिऱ्हाइकाने दंडाची डेबिट नोट पाठवली. चूक आयटी विभागाची होती असं मी तेव्हाही म्हणाले नाही, आजही म्हणत नाही. त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यांनी सांगितलं. जिथे काम होतं तिथे जाऊन ते ताडून पाहणं माझं काम होतं.

यात पद्धत खोटी ठरली, असं कुणी समजू नये. टोगॅफ स्वतःच सांगतं की हे चक्र आपल्या संस्थेप्रमाणे बेतून घ्या, टप्पे पुन्हा पुन्हा फिरा, आधी सद्यःस्थिती नीट समजून घ्या. परीक्षेत या मुद्द्यावरचे प्रश्न मी बरोबर सोडवले होते. पण जे कधी हातांनी केलं नव्हतं, ते उत्तरपत्रिकेपुरतंच राहिलं.

नंतर मी जॉन झॅकमन यांचा आयबीएमच्या नियतकालिकात १९८७ साली आलेला लेख शोधून वाचला. एंटरप्राइज आर्किटेक्चरचा उगम बरेच जण त्या लेखात मानतात. त्यातल्या मूळ मांडणीत तीनच प्रश्न होते : काय, कसं, कुठे. कोण, कधी आणि का, हे तीन प्रश्न १९९२ साली जॉन सोवा यांच्याबरोबरच्या लेखात आले. मी माझी १७० पानं काढून पाहिली. त्यात काय होतं, कसं होतं, कुठे होतं. ‘कोण’ या प्रश्नाखाली मी विभागांची नावं लिहिली होती, काम करणाऱ्या माणसाचं पद एकाही ठिकाणी नव्हतं. ‘का’ तर विचारलाच नव्हता. लेबलं शीटवरून का छापतात, एवढं विचारलं असतं तर मंजुरीच्या तीन पायऱ्या समोर आल्या असत्या, आणि खरा दोष तिथे होता.

तेव्हा नोकरी करत हे शिकणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं : कोर्सच्या आधी एक प्रवास काढा. तुमच्या कंपनीतली किंवा क्लायंटकडची एक ऑर्डर, एक विम्याचा दावा, एक कर्जाचा अर्ज, काहीही घ्या. तो कुणाच्या हातून कुणाच्या हाती जातो, कुठल्या स्क्रीनवर, कुठल्या वहीत, कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, हे एका ए-थ्री कागदावर पेन्सिलने काढा. प्रत्येक माणसाच्या शेजारी बसून काढा, त्याला मीटिंगला बोलावून नको. मग टोगॅफचे व्यवसाय आणि डेटाचे टप्पे वाचा. प्रत्येक संज्ञेला तुमच्या कागदावर जागा सापडते, आणि जिला सापडत नाही ती तूर्त सोडून देता येते. मूळ ग्रंथ ओपन ग्रुपच्या संकेतस्थळावर वाचता येतो. २०२२ साली त्याची दहावी आवृत्ती आली, तिच्यात मूळ गाभा आणि विषयवार मार्गदर्शिका वेगळ्या केल्या आहेत. सुरुवातीला गाभा पुरे.

बसचा वेळ संज्ञा पाठ करायला चांगला, विचार करायला नाही. विचारासाठी आठवड्यातून सलग दोन तास बाजूला काढावे लागतात. घरच्यांना ते आधी सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं, आणि माझ्या शनिवारच्या अभ्यासाचा भार चार महिने सासूबाईंवर पडला.

चित्रं काढायला आर्किमेट ही चिन्हांची भाषा आहे. ती नेदरलँड्समध्ये तयार झाली, आता ओपन ग्रुपकडेच आहे, आणि तिच्यासाठी ‘आर्ची’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर मिळतं. सात-आठ चिन्हांवर वर्ष काढता येतं. सगळी शिकण्याच्या मागे लागू नका. सरकारी कामात असाल तर भारत सरकारची २०१८ ची ‘इंडईए’ चौकटही चाळा.

परीक्षेचा दुसरा भाग मनापासून करा. त्यात आठ प्रसंग असतात, पुस्तक उघडं ठेवता येतं, आणि चार पर्यायांना ५, ३, १ आणि शून्य असे गुण असतात. सराव करताना फक्त पाच गुणांचं उत्तर शोधू नका. तीन गुणांचं उत्तर दोन गुणांनी कुठे कमी पडलं, ते स्वतःच्या शब्दांत, मराठीत लिहा. मला या अभ्यासातून जे काही खरं मिळालं, त्यातलं बरंचसं या लिहिण्यातून मिळालं.

आणि निर्णय टिपून ठेवा. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेली एक साधी रीत आहे : प्रत्येक मोठ्या निर्णयासाठी एक छोटी नोंद, त्यात परिस्थिती, निर्णय, तो मंजूर आहे की रद्द, आणि परिणाम. प्रिंटर थेट ईआरपीला जोडण्याचा निर्णय आम्ही असा लिहिला असता, तर ‘परिस्थिती’ या शब्दापुढे काहीतरी लिहावं लागलं असतं, आणि ते लिहायला कुणाला तरी डिस्पॅचला जावं लागलं असतं. आता मी १७० पानं करत नाही. अशा पंधरा-वीस नोंदी आणि तीन-चार चित्रं करते. ती लोक वाचतात, त्यावर भांडतात, आणि भांडण कामाचं असतं.

काकांची शीट पुढे सहा महिन्यांनी ईआरपीत आली. रिव्हिजन बदलण्याचा अधिकार डिस्पॅच सुपरवायझरच्या पदाला दिला आणि मंजुरी तीनऐवजी एकाची ठेवली. त्या एका दुरुस्तीसाठी मी काकांबरोबर त्या काचेच्या केबिनमध्ये तीन दिवस बसले होते.

तुम्हीही असे तीन दिवस आधी काढा. रजा टाकावी लागली तरी टाका. कोर्सची फी त्यानंतर भरा.