चढावर दम सोडणारे इंजिन : कारणाचा शोध

आपल्या वसतिगृहाचे धान्य ज्या जुन्या पेट्रोल ट्रकमधून येत असे, तो अनेक माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. पोती उतरवून घेण्यास तेच पुढे होत. एका वर्षी हा ट्रक घाटात दम सोडू लागला. रिकामा असता सपाटीवर त्याची तक्रार नसे. भरून चढाला लागला की वेग पडे आणि कार्बोरेटर खोकू लागे. "इंजिन म्हातारे झाले, बोअर करून घ्या," असा निकाल एका गॅरेजने बॉनेट न उघडताच दिला. जन्मावरून दिलेले निकाल मान्य करण्याची आम्हांस सवय नाही. शिवाय त्या कामाचा खर्च म्हणजे मुलांचे काही महिन्यांचे धान्य होते. दुःखाप्रमाणे दोषालाही कारण असते, या विश्वासाने आम्ही शिक्षकांनी एका अनुभवी मिस्त्रींच्या मदतीने शोध आरंभिला.

ओझे वाढले की थ्रॉटल पूर्ण उघडावा लागतो. सिलिंडरमध्ये अधिक हवा शिरते आणि त्या मानाने पेट्रोलही अधिक लागते. पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १५ भाग हवेस १ भाग पेट्रोल पुरते. परंतु पूर्ण ताकदीसाठी १२ ते १३ भाग हवेसच १ भाग पेट्रोल द्यावे लागते. रिकामे इंजिन थोडक्यात भागवते. म्हणूनच उभ्या गाडीची तपासणी फसवी ठरते.

प्रथम बिनखर्चाच्या गोष्टी पाहिल्या. इंजिन बंद ठेवून एकाने अॅक्सिलरेटर दाबला, दुसऱ्याने एअर फिल्टर काढून कार्बोरेटरमध्ये डोकावले : थ्रॉटल पूर्ण उघडत होता. पॉइंटचे अंतर व टायमिंग योग्य होते. सर्व सिलिंडरचे कॉम्प्रेशन चांगले व जवळजवळ सारखे भरले, तेव्हा बोअरचा निकाल तेथेच रद्द झाला.

पुढची तपासणी घाटातच करणे भाग होते. चढावर दम सुटताच चालकाने चोक किंचित ओढला, आणि ट्रकने पुन्हा जोर धरला. चोक हवा अडवतो, म्हणजे उणीव पेट्रोलची होती. तेथेच इंजिन बंद करून प्लग काढले. त्यांची टोके पांढरी पडली होती. मिश्रणात पेट्रोल कमी असल्याची ही दुसरी साक्ष.

आता पेट्रोल कोठे अडते, हा प्रश्न उरला. इंजिन गार झाल्यावर, कॉइलची तार काढून, मुलांना दूर ठेवून, पंपाची कार्बोरेटरकडील नळी बाटलीत सोडली व स्टार्टर फिरवला. धार आधी जोरकस आली, मग बारीक झाली. पंपाला टाकीऐवजी वेगळ्या डब्यातून पेट्रोल दिले, तर धार टिकून राहिली. पंप निर्दोष ठरला. टाकीचे झाकण सैल करूनही फरक पडला नाही, तेव्हा झाकणाचे छिद्र बुजल्याची शंकाही मिटली. अखेर टाकी उतरवली. तळाशी गंजाचा गाळ साचला होता आणि पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर त्याचा थर बसला होता. थोडे पेट्रोल त्यातून झिरपे. घाटाला पुरेल इतके नव्हे.

टाकी धुऊन, जाळी बदलून तोच ट्रक तितकीच पोती घेऊन घाट चढला. इतिहास शिकवणाऱ्या आम्ही एक प्रश्न मात्र सर्वांत आधी विचारावयास हवा होता : दोष सुरू होण्यापूर्वी काय घडले होते? ट्रक उन्हाळ्याच्या सुट्टीपासून भर पावसाळ्यापर्यंत, जवळजवळ रिकाम्या टाकीनिशी, आवारात उभा होता.