भाकरी, चपाती आणि मधला ‘टू’

प्रश्न : मी कळंब तालुक्यात राहतो, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. सराव परीक्षेत ‘आय प्रिफर भाकरी दॅन चपाती’ या वाक्यावर मी बरोबर म्हणून खूण केली आणि गुण गेला. दॅनच्या जागी टू पाहिजे होता म्हणे. ‘पेक्षा’ म्हणजे दॅन, हे आम्ही शाळेपासून घोकलंय. क्लासमधले सर म्हणाले, नियम आहे, पाठ कर. पण नियम असा का?

उत्तर : गुण परत मिळायचा नाही, वाक्य चुकलंयच. पण ‘असा का’ हा प्रश्न रास्त आहे.

प्रिफर हा लॅटिनचा शब्द. त्याच्या पहिल्या तुकड्याचा अर्थ ‘पुढे’, दुसऱ्याचा ‘नेणे’. दोन्ही मिळून, उचलून पुढे ठेवणे. टोपल्यात भाकरी आहे, चपातीही आहे. तुम्ही भाकरी उचलून चपातीच्या पुढे सरकवलीत. झालं प्रिफर. दॅन येतो तो बेटर, चीपर, मोअर असा तुलनेचा शब्द वाक्यात उभा असेल तर. इथे तसा शब्दच नाही, तुलना क्रियापदाच्या पोटात आहे. म्हणून ‘आय प्रिफर भाकरी टू चपाती’. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर हेही लॅटिनच्याच घरचे, त्यांनाही टू लागतो. कचेऱ्यांतून सर्रास ऐकू येणारं ‘ही इज सीनियर दॅन मी’ त्यामुळेच चूक. आणि ‘मोअर प्रिफर’ तर नकोच. पुढे ठेवलेलं आणखी किती पुढे ठेवणार?

दॅनच वापरायचा हट्ट असेल तर रादर घ्या. जुन्या इंग्रजीत रेद म्हणजे लवकर, रादर म्हणजे त्याहून लवकर. हा सरळ तुलनेचा शब्द, त्यामुळे त्याला दॅन चालतो : ‘आय वुड रादर वॉक दॅन टेक द बस’. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरची वाट पायी धरणारा भाविक असंच म्हणेल. त्यालाच प्रिफर वापरायचं असेल तर ‘आय प्रिफर वॉकिंग टू टेकिंग द बस’. मात्र ‘प्रिफर टू वॉक’ अशी सुरुवात केलीत तर पुढे पुन्हा टू ठेवता येत नाही, दोन टू एकमेकांना अडखळतात. तिथे ‘रादर दॅन’ येतं : ‘आय प्रिफर टू वॉक रादर दॅन टेक द बस’.

मराठीमुळे इंग्रजी बिघडतं, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर अर्धंच ऐका. आपला ‘पेक्षा’ संस्कृत ‘अपेक्षा’वरून आलाय, त्याच्या मुळाशी पाहणं आहे. चपातीकडे पाहून भाकरी बरी, इतकंच तो सांगतो. तो दॅनचा जुळा भाऊ नाही, कामापुरता शेजारी आहे.

बाकी ठिकाणी मराठी तुम्हाला चक्क हात देते. आपण ‘मी चहा आवडतो’ म्हणत नाही. चहा आवडतो, भाकरी आवडते, पेढे आवडतात; क्रियापद वस्तूच्या मागे जातं, माणूस ‘मला’ होऊन बाजूला बसतो. गंमत म्हणजे जुनी इंग्रजीही असंच बोलायची. तिथे लाइकचा अर्थ ‘रुचणे’ होता, वस्तू माणसाला रुचायची. पुढे कित्येक शतकांनी ‘आय’ पुढे येऊन बसला.

‘आवडतं’ आणि ‘आवडेल’ यांतला फरकही तुम्हाला शिकवावा लागत नाही. हुरडा आवडतो, ही सवय झाली : ‘आय लाइक हुरडा’. आत्ता थोडा खायला आवडेल, ही इच्छा : ‘आय वुड लाइक सम हुरडा’. पाहुण्याला ‘डू यू लाइक टी?’ विचारलंत तर तो आवड सांगेल, कप मागणार नाही. ‘चहा घेणार का?’ म्हणायचं असेल तर ‘वुड यू लाइक सम टी?’

आता तुमच्या पत्राची शेवटची ओळ : ‘आय वुड रादर यू रिप्लाय सून’. व्याकरणाची पुस्तकं तिथे भूतकाळी रूप मागतात, ‘रिप्लाइड’. काम पुढचं आणि रूप मागचं, याचं मुलांना फार नवल वाटतं. पण हेच मराठीत म्हणून बघा : ‘लवकर उत्तर दिलंत तर बरं.’ उत्तर अजून यायचंय, तरी तुम्ही ‘दिलंत’ म्हणालातच की!

तेवढं लवकर मात्र जमलं नाही. तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झालेत.