मंत्रचळासाठी एमआरआय कशाला?

‘डॉक्टर, एकदा डोक्याचा एमआरआय काढूनच टाकूया का?’ हात धुऊन धुऊन कातडी सोलून घेणाऱ्या, कडी तपासत उंबऱ्यातच अडकणाऱ्या माणसाचे घरचे हे हमखास विचारतात. मंत्रचळाचं, म्हणजे ओसीडीचं निदान रुग्णाशी बोलून होतं. फिट, हातापायात अशक्तपणा किंवा उतारवयात अचानक सुरुवात असेल तर गोष्ट वेगळी. एरवी पैसे वाचवा.

मेंदूत काही घडत नाही, असं नव्हे. डोळ्यांच्या वरचा, कपाळामागचा भाग ‘काहीतरी राहिलंय’ अशी सूचना देतो. ती मेंदूच्या आतल्या कॉडेट या भागाकडे, तिथून थॅलॅमस या भागाकडे जाते आणि पुन्हा पुढे येते. काम झालं की हे चक्र शांत व्हायला हवं. ओसीडीत ते फिरतच राहतं. कडी लागलेली दिसते, पण ‘झालं’ असं वाटतच नाही. पेट स्कॅनमध्ये या भागांत ग्लुकोजचा वापर वाढलेला आढळला आहे. मात्र हा फरक अनेक रुग्णांच्या सरासरीत दिसतो, एकट्याच्या स्कॅनवर निदान होत नाही.

१९९२ साली लॉस एंजेलिसच्या डॉ. बॅक्स्टर यांनी ओसीडीच्या काही रुग्णांना फ्लुऑक्सेटिन हे औषध दिलं, काहींना फक्त वर्तनोपचार. सुमारे १० आठवड्यांनी ज्यांना गुण आला, त्यांच्या कॉडेटमधली धावपळ दोन्ही गटांत कमी झाली होती. गोळीविनाही मेंदू बदलतो!

या वर्तनोपचारात थेरपिस्टच्या मदतीनं, पायरीपायरीनं, ‘घाण’ वाटणाऱ्या वस्तूला हात लावायचा आणि धुवायचा नाही. बेचैनी चढते, मग आपोआप उतरते. औषधाचा गुण यायला ८ ते १२ आठवडे लागतात, डोसही बहुधा नैराश्यापेक्षा जास्त लागतो. महिन्याभरात ‘फरक नाही’ म्हणून गोळ्या सोडू नका.

काहींना तर अंबाबाईपुढे हात जोडतानाच अभद्र विचार येतात. पाप लागेल म्हणून ते वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. हाही ओसीडीच, आणि त्या विचारांची शिसारी सगळ्यात जास्त त्यांनाच येते. त्यांना रागावू नका. नृसिंहवाडीला दत्तदर्शनाला खुशाल न्या, पण उपचार थांबवू नका. ‘लागलीय गं कडी’ असं दहादा सांगणंही हळूहळू कमी करा. त्यानं शंका मिटत नाही, पोसली जाते.

कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.