बहिणाबाईंच्या कवितेतील माहेर आणि सासर

बहिणाबाई चौधरी यांच्याविषयी लिहिताना ‘निरक्षर असूनही’ हे शब्द बहुतेक जण आधी लिहितात. प्रस्तुत लेखात तो कौतुकाचा सूर बाजूस ठेवून एकच गोष्ट पाहावयाची आहे. वाट्याला आलेल्या आयुष्याकडे ही कवयित्री कशी पाहते, आणि मनातल्या दूरच्या, सुंदर आयुष्याचे ती काय करते?

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोदे गावी झाला. लग्नानंतर त्या जळगावी आल्या आणि १९५१ मध्ये वारल्या. माहेर-सासरात अंतर थोड्याच मैलांचे. पण सासुरवाशिणीचे अंतर मैलांत मोजावयाचे नसते. माहेरच्या वाटेवरील त्यांच्या कवितेत उन्हाने तापलेला रस्ताही पायांना मऊ लागतो. दूरच्या सुखाची ओढ त्यांना ठाऊक होती आणि त्या ओढीची त्यांनी थट्टा केलेली नाही. हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण ‘आहे त्यात समाधान माना’ असा उपदेश करणारे लोक ही ओढच नाकारतात.

‘योगी आणि सासुरवाशीण’ ही कविता याच्या पुढे जाते. माहेराचे गुणगान करणाऱ्या बाईला योगी विचारतो, की माहेर एवढे चांगले, तर सासरी येतेस कशाला? प्रश्न बिनतोड आहे. (संसार सोडलेल्या माणसाला असे प्रश्न सहज सुचतात!) तिच्या उत्तराचा आशय असा, की आई सासरी राहते म्हणूनच मुलीला माहेर मिळते. म्हणजे आज जे तिचे माहेर, ते तिच्या आईचे सासरच होते. ज्या घराच्या आठवणीने ती व्याकूळ होते, तेथली चूल आईने डोळ्यांत धूर घेऊन पेटविलेली असते. सुखाचे ठिकाण आयते कोठेच नसते. कोणीतरी तेथे रोज राबलेले असते. आणि ज्या घरात ती आज थकते, ते उद्या तिच्या लेकीच्या स्वप्नातले घर होणार असते.

आपण विद्यार्थीही असे एक माहेर मनात बाळगतो. कोणाचे पुण्यात, कोणाचे मुंबईत, कोणाचे परदेशात. तेथे गेल्यावर खरे आयुष्य सुरू होणार, तोवरचे दिवस म्हणजे एस.टी. स्टँडवर गाडीची वाट पाहणे! आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझी आई माझी पुस्तके हात धुऊन, पदराला पुसून मगच हातात घेते. त्याच पुस्तकांवर वर्गात जांभया दिल्या जातात.

मग बायकांनी मुकाट्याने सोसावे, असे ही कविता सांगते काय? आमच्या वर्गात यावर चांगलाच वाद झाला. सासरच्या जाचाला त्या कवितेत उत्तर नाही, हे मान्य केले पाहिजे. पण बहिणाबाई चटके लपवीत नाहीत. संसारावरील प्रसिद्ध कवितेत भाकरीच्या आधी हात भाजतात. तिशीच्या सुमारास वैधव्य आले, त्यावरील कवितेत दुःख उघडे आहे. मात्र भविष्य सांगू पाहणाऱ्या ज्योतिषाला त्या दारातून परत पाठवितात. तळहातावरच्या रेघांना त्या नशीब मानीत नाहीत. मला ही त्यांची सर्वांत धीट कविता वाटते. ज्योतिषी विकतो ते अजून न आलेले आयुष्य. या बाईला मुले वाढवावयाची होती, शेत पाहावयाचे होते.

भाषेच्या बाबतीतही असेच दिसते. जात्यावर, शेतात सुचलेली ही गाणी त्यांनी आपल्या घरच्या बोलीतच रचली. ती मुलाने, कवी सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी उतरवून ठेवली. १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह निघाला, तेव्हा बहिणाबाई हयात नव्हत्या. छापील मराठीच्या पंगतीत बसविण्यासाठी ‘माले’चे ‘मला’ मात्र कोणी केले नाही.