समाईक वास्तू आणि तिची बाग

आपल्या घरापुढील अंगण प्रत्येक जण झाडतो. परंतु गावाची चावडी, समाजमंदिर, वाचनालय यांपुढे पाहावे, तो गवत माजलेले व कोपऱ्यात कचरा साचलेला. ‘बारभाईची खेती, काय लागेल हाती’ ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही. ती खोटी ठरविता येईल काय, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

युरोपात मध्ययुगात मोठमोठी प्रार्थनामंदिरे बांधणारे पाथरवट कामाच्या जागी एक खोपटे उभारीत. तेथे ते दगड घडवीत व विसावा घेत. त्या खोपटास ‘लॉज’ म्हणत. पुढे फ्रीमेसन नावाच्या बंधुमंडळाने आपल्या सभागृहांसाठी तोच शब्द घेतला. त्यांचे पहिले मध्यवर्ती मंडळ लंडन येथे १७१७ साली स्थापन झाले, असे परंपरेने मानतात. मुंबईस डॉ. जेम्स बर्न्स यांनी १८४३ साली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज, हिंदी लोकांनाही सभासद होता यावे या हेतूने, काढिले. परदेशात अशा बंधुगृहांचे सभासद सुटीच्या दिवशी एकत्र जमून इमारतीभोवती फुलांचे ताटवे लावतात. ज्या वास्तूचे नावच श्रमिकांच्या खोपटावरून आले, तिच्या अंगणात सभासदांनी कुदळ धरावी हे उचितच होय.

आपल्याकडे हा धडा श्री. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) दिला. ज्या गावी जात तेथील रस्ते ते आधी स्वतः झाडीत, आणि मग रात्री कीर्तनास उभे राहत. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा अनेक गावांनी श्रमदानाने आपल्या समाईक जागा झाडून काढिल्या व तेथे झाडे लाविली.

आता हेच काम जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगावासारख्या गावी कसे करावे, ते पाहू. हे गाव घनसावंगी तालुक्यात आहे. याच तालुक्यातील जांब येथे १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. समर्थांनी ‘बाग प्रकरण’ नावाची रचना केली असून तीत बागेत लावावयाच्या वृक्षवेलींची नावेच नावे आहेत. अर्थात् बागेचा विचार या मातीस परका नाही.

तथापि येथील काळी जमीन जपून हाताळावी लागते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. म्हणून भिंतीस लागून आळी करून पाणी देत राहिल्यास पाया हलतो व भिंतीस तडे जातात. फुलझाडे भिंतीपासून निदान तीन-चार हात दूर असावी. गावाच्या नावात पिंपळ असला, तरी भिंतीच्या फटीत उगवलेले पिंपळाचे रोप कोवळे असतानाच काढावे; त्याची मुळे चिरेबंदी बांधकामही फोडितात. पिंपळाची जागा मोकळ्या मैदानात, पाराच्या मध्यभागी.

सावलीसाठी कडुनिंब, ऐन वैशाखात पिवळ्या घोसांनी लवणारा बहावा, कुंपणास बोगनवेल, वाफ्यात सदाफुली आणि दसऱ्याच्या बेताने झेंडू, ही निवड या हवेस मानवते. कण्हेरही कणखर आहे. परंतु तिचे सर्वांग विषारी असल्यामुळे जेथे लहान मुले खेळतात तेथे ती लावू नये. यांतील बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेची व झेंडू मेक्सिकोचा. पण आज झेंडूवाचून आपले तोरण होत नाही.

येथे काही पालक विचारतील, “प्यावयास पाणी नसता फुलांस कोठून द्यावे?” हा प्रश्न रास्त आहे. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहे, आणि २०१२-१३ साली तर जालना जिल्ह्याने पाण्यासाठी अतोनात हाल सोसले. तहानलेल्या माणसाच्या तोंडचे पाणी काढून फुलविलेली बाग आम्हांस मुळीच नको. म्हणून या प्रश्नास उत्तर मिळेपर्यंत एकही खड्डा खणू नये.

उत्तराचा अर्धा भाग गावाच्या नावातच आहे. कुंभाराचे भाजलेले, झिलई न दिलेले मडके रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे व तोंडावर झाकण ठेवावे. भोवतालची माती सुकते तसतसे पाणी मडक्याच्या छिद्रांतून पाझरते. माती ओली असली की पाझर मंदावतो. पाणी थेट मुळांशी जाते, उन्हाने उडून जात नाही. चीनमधील इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील एका शेतीग्रंथातही ही युक्ती वर्णिली आहे.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग माणसांनी द्यावयाचा. समजा, वीस रोपे आहेत व प्रत्येकाजवळ दहा लिटरांचे मडके आहे. आठवड्यातून दोनदा मडकी भरावयाची, तर ४०० लिटर पाणी लागेल. एका घरास हे ओझे असह्य आहे. परंतु चाळीस घरांनी वाटून घेतल्यास प्रत्येकाच्या वाट्यास आठवड्याची एकच दहा लिटरांची घागर येते. घरोघर ताजे पाणी भरताना आदल्या दिवशीचे शिळे पाणी ओतून दिले जाते. तेच या कामी पुरते. साबणाचे पाणी मात्र मडक्यात घालू नये, त्याने छिद्रे बुजतात. आणि जेथे शिळे पाणीही उरत नाही अशा वर्षी फुले वाळू द्यावी, फक्त कडुनिंब व बहावा राखावे. झेंडू पुढच्या मृगात पुन्हा पेरता येतो. वाढलेले झाड मात्र एका पावसाळ्यात परत मिळत नाही.

यावरून ध्यानी येईल की समाईक बागेस मोठ्या देणगीपेक्षा पाळीच्या यादीची गरज अधिक. वृक्षारोपणाच्या दिवशी शंभर हात पुढे येतात, हारतुरे होतात. पण त्या झाडाचे खरे आयुष्य चैत्र-वैशाखात ठरते, जेव्हा पाहावयास कोणी नसते. तेव्हा कोणाची घागर सोमवारी व कोणाची गुरुवारी, हे ठरवून यादी वास्तूच्या दारावरच लावावी. ज्याची पाळी चुकेल त्यास दंड नको. शेजाऱ्याने त्याची घागर आपण ओतावी व संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन त्याच्या प्रकृतीची चौकशी करावी. बंधुभाव म्हणतात तो हाच.

मुलांनो, या सुटीत आपल्या गावातील एक समाईक वास्तू निवडा. तिच्याभोवती कोणती झाडे आहेत, भिंतीत पिंपळ उगवला आहे काय, पाणी कोठून येते व कोठे वाया जाते, हे वहीत टिपा. मग वडीलधाऱ्यांस विचारून पाच घरांची नावे मिळवा. पाच घरे मिळाली, की दोन रोपे लावण्यास हरकत नाही.