भाडेकरूला हरकत घेता येते का?

प्रश्न : कसब्यातल्या आमच्या बोळात एका जागेवर पार्किंगचे आरक्षण आहे. ते उठवून तिथे व्यापारी वापराला परवानगी देण्याची जाहीर सूचना निघाली आहे. बोळात दोन रिक्षा समोरासमोर आल्या की वाट बंद होते. आम्ही भाडेकरू, आम्हाला हरकत घेता येत नाही असे सांगतात. खरे आहे का?
– एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : अजिबात नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे अशा फेरबदलावर कोणीही हरकत नोंदवू शकते. मालकी लागत नाही. सूचनेच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत लेखी हरकत द्या आणि शिक्क्याची पोच घ्याच. सुनावणीनंतर अंतिम मंजुरी राज्य शासन देते, त्यामुळे सूचना निघाली म्हणजे सारे संपले असे नाही.

नुसता विरोध लिहू नका. बोळाची प्रत्यक्ष रुंदी टेपने मोजा, शाळा सुटतानाचे फोटो जोडा, अग्निशमन बंब कुठे अडतो ते दाखवा. आरक्षण उठणारच असेल तर पार्किंग, मालाची चढउतार आवारातच आणि पायी चालणाऱ्यांसाठी सलग पट्टी, या अटी मागा. मला हाच मार्ग अधिक फलदायी वाटतो.

‘पुढे रस्ता रुंद होणारच आहे’ यावर विसंबू नका. नकाशावर रस्तारेषा आखली तरी समोरच्या वाड्यांची जागा ताब्यात येईपर्यंत बोळ तेवढाच राहतो.

शनिवारवाड्यापासूनचे अंतरही तपासा. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला केंद्रीय कायद्याने बंदी आहे.