उभा फ्रीजर गार होईना? आधी हे बघा

ताईंनो, फ्रीजर बिघडला तर गटाचा आमरस, मटार वाया जातो. मेकॅनिकला बोलवायच्या आधी एवढं तपासा.

१. दारात कागद धरून दार लावा. कागद सहज निघाला तर रबर सैल आहे. तिथून दमट हवा शिरून बर्फ साचतो. रबर पुसून बघा. तरी सैलच राहिलं तर बदला.
२. बर्फ बोटभर झाला की फ्रीजर बंद करून वितळू द्या. सुरीनं खरवडू नका, नळी फुटून गॅस जातो.
३. गार हवा जड असते. उभ्या फ्रीजरचं दार उघडलं की ती खालून वाहून जाते. दार कमी उघडा.
४. लाईट गेली तर दार बंदच ठेवा.

आत उणे १८ अंश हवेत. वितळून कोमट झालेला माल पुन्हा गोठवून विकू नका.